काम नसण्याची जबाबदारी कोणाची?

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस, म्हणजे टीसीएस, या कंपनीने १२ जून २०२५ पासून एक नियम लागू केला. प्रत्येक कर्मचाऱ्याने वर्षाकाठी किमान २२५ दिवस अशा कामावर असले पाहिजे, ज्याचे पैसे ग्राहक मोजतो. आणि प्रकल्पाविना राहण्याचा काळ वर्षभरात ३५ दिवसांच्या वर जाता कामा नये. आठवड्याचे पाच दिवस धरले तर वर्षात कामाचे २६० दिवस भरतात आणि २२५ नि ३५ यांची बेरीजही तेवढीच होते. प्रकल्प नसताना कर्मचाऱ्याने ऑफिसात यायचे, रोजचे काही तास नवे तंत्रज्ञान शिकण्यात घालवायचे आणि स्वतःसाठी प्रकल्प शोधत राहायचे. हा काळ लांबला तर पगार, बढती आणि खुद्द नोकरी यांवर परिणाम होऊ शकतो, असे नियमच सांगतो. बातमी आली तेव्हा ३५ हा आकडा कमी की पुरेसा, यावर बरीच चर्चा झाली. आकड्यापेक्षा त्यामागचे गृहीतक जास्त महत्त्वाचे आहे. ग्राहक मिळवणे हे विक्री विभागाचे काम, माणसांची वाटणी हे व्यवस्थापनाचे काम. पण काम आले नाही तर ते ज्याच्या वाट्याला आले नाही, त्याच्या नावावर मांडायचे. पुण्याजवळच्या हिंजवडीपासून तळवड्यापर्यंतच्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांत नोकरी करणे म्हणजे काय, हे जितके या गृहीतकातून कळते तितके काचेच्या इमारतींतून, भल्यामोठ्या कॅन्टीनमधून किंवा रात्रीच्या कॅबमधून कळत नाही.

या उद्योगात अशा अवस्थेला ‘बेंचवर असणे’ म्हणतात. एखादा प्रकल्प संपतो, अमेरिकेतला ग्राहक खर्च कमी करतो किंवा काम दुसऱ्या कंपनीला देतो आणि मग टीममधल्या काही जणांना ‘रिलीज’ मिळते. आदल्या दिवसापर्यंत ज्याच्या तासांचे बिल डॉलरमध्ये निघत होते, तो दुसऱ्या दिवशी ‘नॉन-बिलेबल’ ठरतो. पगार चालू राहतो, पण त्याचा दिनक्रम आता नोकरी शोधणाऱ्या माणसासारखा होतो. कंपनीच्या आतल्याच व्यवस्थापकांना बायोडेटा पाठवायचा, त्यांच्या मुलाखती द्यायच्या, ‘अलोकेशन’ची वाट पाहायची. ज्या तंत्रज्ञानावर कंपनीनेच त्याला सहा वर्षे बसवले त्याची मागणी ओसरली असेल, तर मुलाखतीत ते त्याचेच उणेपण ठरते. प्रकल्प निवडण्याचा अधिकार त्याला कधीच नव्हता; त्या निवडीचा परिणाम मात्र तो एकटा सोसतो.

बेंच हा अपघात असता तर गोष्ट वेगळी होती. तो धंद्याचा आखलेला भाग आहे. आज नवा करार झाला आणि ग्राहकाने पंधरा दिवसांत चाळीस माणसे मागितली, तर ती हाताशी असावी लागतात. म्हणून काही माणसे रिकामी ठेवावीच लागतात. काही मोठ्या कंपन्या आपल्या मनुष्यबळापैकी किती टक्के प्रत्यक्ष कामावर आहे, हे गुंतवणूकदारांना दर तिमाहीला सांगतात. इन्फोसिसच्या अहवालांत प्रशिक्षणार्थी वगळता हे प्रमाण गेली काही वर्षे ८५ टक्क्यांच्या आसपास दिसते. म्हणजे शंभरातले पंधरा जण एखाद्या तिमाहीत बिलाबाहेर असणे, हे त्या गणितात धरलेलेच आहे. कर्मचाऱ्याशी बोलताना मात्र तीच गोष्ट त्याच्या प्रयत्नांची, कौशल्याची आणि वृत्तीची कसोटी होते. एकाच वस्तुस्थितीचे हे दोन हिशेब आहेत आणि त्यांतला कोणता कोणाला दाखवायचा, हे एकच बाजू ठरवते.

हा प्रश्न पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात मांडायला विशेष कारण आहे. तोच प्रश्न इथे पूर्वी एकदा सोडवला गेला आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, टेल्को (आजची टाटा मोटर्स) आली, आकुर्डीत बजाज ऑटो आली आणि त्यांच्याभोवती भोसरी-चिंचवडची शेकडो लघुउद्योगांची शेडे उभी राहिली. कारखान्यातही मंदी येते, सुटे भाग पोहोचत नाहीत, वीज जाते, यंत्र बिघडते. तेव्हा हाताला काम नसलेल्या कामगाराचे काय करायचे? औद्योगिक विवाद कायद्याच्या २५-सी कलमाने याचे उत्तर दिले होते. मालक काम देऊ शकत नसेल तर हजेरीपटावरच्या कामगाराला मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई द्यायची. कामगाराने दिवसातून एकदा येऊन हजेरी लावायची. वर्षातल्या ४५ दिवसांनंतर काय करता येईल, हेही कायद्यातच लिहिलेले होते. यात औदार्य फारसे नाही. अर्ध्या पगारात घर चालत नाही. पण काम नसणे ही मालकाच्या बाजूची घटना आहे, कामगाराची कसूर नव्हे, एवढे त्या कलमाने निर्विवाद करून टाकले. हे कलम कारखाने, खाणी आणि मळे यांनाच लागू होते. सॉफ्टवेअर कंपनी त्यांत बसत नाही. त्यामुळे चाकणमधल्या कायम कामगाराला जे संरक्षण होते, ते त्याच कामगाराच्या अभियंता झालेल्या मुलीला हिंजवडीत नाही.

कायदा पुस्तकात असतो म्हणून तो आपोआप चालत नाही. या पट्ट्यात तो चालला, कारण त्यामागे लेखी करारांची एक परंपरा उभी राहिली. स्थायी आदेश (म्हणजे सेवाशर्तींचे लेखी नियम), तीन-तीन वर्षांचे वेतनकरार, ज्येष्ठतेची यादी, आरोपपत्राशिवाय शिक्षा नाही हा दंडक, अशा गोष्टी गेटवरच्या सूचनाफलकावर लागू लागल्या. त्यासाठी मोठी किंमत मोजली गेली आणि प्रत्येक लढा जिंकलाही गेला नाही. टेल्कोमधला १९८८-८९ चा संघर्ष आठवावा. राजन नायर यांच्या नेतृत्वाखालचे कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले, सप्टेंबर १९८९ च्या अखेरीस पोलिसांनी त्यांना रात्रीतून तिथून हलवले, आणि व्यवस्थापनाने करार केला तो दुसऱ्याच संघटनेशी. २०१३ मध्ये बजाजच्या चाकण कारखान्यात विश्व कल्याण कामगार संघटनेने सुमारे पन्नास दिवस काम बंद ठेवले. मागण्यांमध्ये प्रत्येक कामगाराला कंपनीचे ५०० समभाग एक रुपया दराने द्यावेत, अशीही एक मागणी होती. ती मान्य झाली नाही आणि आंदोलन मागे घ्यावे लागले. तरी ही मागणी लक्षात ठेवण्याजोगी आहे. कर्मचाऱ्यांना समभाग देण्याची पद्धत आपल्याकडे इन्फोसिसने नव्वदच्या दशकात रुजवली. ती इन्फोसिस, जिची स्थापना १९८१ मध्ये पुण्यातच झाली होती आणि जी दोन वर्षांनी बंगळूरला गेली. अभियंत्याला जे व्यक्तिगत बक्षीस म्हणून मिळाले, ते कामगारांनी सामूहिक हक्क म्हणून मागितले. दोन्ही जगांतला फरक इथे स्वच्छ दिसतो. कारखान्यात काय मिळेल आणि काय मिळणार नाही, हे सर्वांना माहीत असलेल्या कागदावर ठरते. सॉफ्टवेअर कंपनीत ते एकेकट्याशी, बंद खोलीत ठरते.

ही बंद खोली कशी चालते, हे २०१७ मध्ये सर्वांना ऐकू आले. टेक महिंद्रच्या मनुष्यबळ विभागातील व्यक्ती आणि एक कर्मचारी यांच्या संभाषणाची ध्वनिफीत त्या वर्षी जुलैमध्ये पसरली. उद्या सकाळी दहापर्यंत राजीनामा दे, नाहीतर कंपनी काढून टाकेल, असा त्याचा सारांश होता. आनंद महिंद्र यांनी जाहीर माफी मागितली, ती त्यांनी मागायला हवीच होती. पण त्या फितीतला ‘राजीनामा’ हा तपशील एका माणसाच्या उद्धटपणापुरता नाही. सगळी यंत्रणा त्यावर उभी आहे. कंपनीने काढले तर ती कायद्याच्या दृष्टीने कपात ठरू शकते. मग नोटीस, सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन, शेवटी आलेला आधी जाईल हे तत्त्व, सरकारला कळवणे असे सगळे मागे लागते. माणसाने स्वतः राजीनामा दिला तर यातले काहीच लागत नाही आणि अहवालात ती केवळ ‘अ‍ॅट्रिशन’ची एक नोंद उरते. कर्मचारी सही का करतो? कारण पुढची कंपनी ‘रिलीव्हिंग लेटर’ मागते, पूर्वीच्या नोकरीची पडताळणी करते आणि ‘काढून टाकले’ अशी नोंद निघाली तर दार बंद होते. वाकड किंवा रावेतमधल्या घराचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातोच. त्यातून हेही पाहावे, की कर्मचाऱ्याला सोडून जायचे असेल तर अनेक मोठ्या कंपन्यांत नव्वद दिवसांची नोटीस द्यावी लागते; कंपनीला तो नकोसा झाला तर एका रात्रीत निर्णय मागता येतो.

२७ जुलै २०२५ रोजी टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतल्या. सप्टेंबरअखेरच्या तिमाहीत कंपनीची कर्मचारीसंख्या १९,७५५ ने घटून ५,९३,३१४ झाली. पुण्यातून चालणाऱ्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचारी संघटनेने मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून एकट्या पुण्यात अडीच हजार जणांकडून बळजबरीने राजीनामे घेतल्याचा आरोप केला. कंपनीने तो साफ नाकारला; परिणाम झालेल्यांची संख्या मर्यादित आहे आणि त्यांना देय ते सगळे दिले, असे तिचे म्हणणे. यातले खरे काय, हे बाहेरच्या माणसाला ठरवता येत नाही, आणि माझा आक्षेप नेमका यालाच आहे. कारखान्यात शंभर कायम कामगारांची कपात झाली तर ती कोणत्या निकषावर, कोणत्या क्रमाने, किती भरपाई देऊन, हे कामगार आयुक्तालयातल्या फायलीत सापडते. इथे हजारोंची संख्या दोन पत्रकांच्या वादात लोंबकळत राहते. गुंतवणूकदारांसाठी मात्र त्याच तिमाहीच्या निकालात पुनर्रचनेचा सुमारे ११३५ कोटी रुपयांचा खर्च वेगळा काढून दाखवला होता. ज्याच्यासाठी तो खर्च झाला, त्याला आपल्या वाट्याची रक्कम कोणत्या सूत्राने आली हे पडताळण्याची सोय नाही.

मुळात अभियंता ‘कामगार’ आहे का, असा पहिला प्रतिवाद होतो आणि तो बहुधा अभियंतेच करतात. जुन्या कायद्याची व्याख्या हाताने केलेल्या कामापुरती कधीच नव्हती. त्यात कुशल आणि तांत्रिक काम स्पष्टपणे होते. वगळलेले होते ते व्यवस्थापकीय काम करणारे आणि ठरावीक वेतनाच्या वरचे पर्यवेक्षक. तांत्रिक काम करणाऱ्याला पगाराची कमाल मर्यादा नव्हती. जानेवारी २०१५ मध्ये टीसीएसमधल्या एका महिला अभियंत्याने हाच मुद्दा घेऊन मद्रास उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने तिच्या बडतर्फीला अंतरिम स्थगिती दिली आणि नंतर कंपनीने बडतर्फीचा आदेश मागे घेतला. त्याच सुमारास काढलेल्या दुसऱ्या एका कर्मचाऱ्याला चेन्नईच्या कामगार न्यायालयाने २०२२ मध्ये कामगार ठरवून परत घेण्याचा हुकूम दिला. त्याला सात वर्षे लागली. सॉफ्टवेअरच्या धंद्यात सात वर्षांत एक अख्खी तंत्रज्ञानाची पिढी मावळते. म्हणून न्यायालय हा मार्ग खरा असला तरी हप्त्यांच्या ओझ्याखालच्या माणसाला तो पुरत नाही. नियम आधीच लिहिलेला असावा लागतो.

दुसरा प्रतिवाद पगाराचा. बेंचवर पूर्ण पगार मिळतो, कारखान्यात निम्मा. मग तक्रार कसली? हा युक्तिवाद पहिल्या महिन्यापुरता खरा आहे. निम्मा पगार घेणाऱ्या कामगाराला काम सुरू झाल्यावर आपली जागा परत मिळणार, हे ठाऊक असते. पूर्ण पगार घेणाऱ्या अभियंत्याला छत्तिसाव्या दिवशी काय होईल ते ठाऊक नसते. शिवाय हा पगार सर्वांचा गलेलठ्ठ असतो, हा समजही जुना झाला. मोठ्या सेवा-कंपन्यांत नवशिक्या अभियंत्याला मिळणारी वार्षिक रक्कम दशकाहून अधिक काळ साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळते आहे. या काळात हिंजवडीतले भाडे आणि खोलीतल्या चौथ्या खाटेचा दर कुठच्या कुठे गेला. चाकणच्या मोठ्या वाहन कारखान्यातला जुना कायम कामगार त्याच्यापेक्षा जास्त मिळवतो. लातूर, बुलढाणा, नंदुरबारकडून शिक्षणकर्ज काढून आलेल्या मुलांना तर नोकरीचे पत्र हाती पडले तरी रुजू होण्याची हमी नसते. इन्फोसिसने २०२२ च्या तुकडीतल्या जवळपास दोन हजार पदवीधरांना पत्रे देऊन दीर्घकाळ ताटकळत ठेवल्याची तक्रार केंद्रीय कामगार मंत्रालयापर्यंत गेली होती. काम नसण्याचा भार इथे तर नोकरी सुरू होण्याच्याही आधीच माणसावर टाकला गेला.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. मुंबईच्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर सावरल्या नाहीत. टेल्कोच्या संपाची कटुता शहराने वर्षानुवर्षे वागवली. हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये नोकऱ्या कायम होत्या तरी पगार महिनोन्‌महिने थकले. लिखित हक्कांनी कारखाना वाचत नाही, उलट उद्योग दुसरीकडे जातो, आणि सॉफ्टवेअरला तर जायला एक लॅपटॉप पुरतो. यातला इतिहास बरोबर आहे, निष्कर्ष नाही. गिरण्यांच्या ऱ्हासात जुनी यंत्रे, यंत्रमागांची स्पर्धा आणि जमिनीचे भाव यांचा वाटा संपाइतकाच होता. आकुर्डीत बजाजने २००७ मध्ये उत्पादन थांबवले, पण ते स्वेच्छानिवृत्तीची योजना आणि संघटनेशी बोलणी या वाटेने. आणि बजाजचा चाकणचा कारखाना त्याआधीच उभा राहिलेला होता. हक्क असलेल्या पट्ट्यात फोक्सवॅगन आली, मर्सिडीज-बेंझ आली, महिंद्र आली. जर्मन कंपन्यांना तर कामगार प्रतिनिधींशी बसून बोलण्याची मायदेशीच सवय आहे. उद्योग नियमांमुळे पळतो असे नाही. तो पाणी, रस्ते, वीज आणि माणसे पाहतो. हिंजवडीतून कंपन्या बाहेर पडत असल्याची चिंता तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी २०२५ च्या जुलैमध्ये जाहीरपणे बोलून दाखवली, तेव्हा चर्चेत होते ते तुंबलेले नाले आणि वाहतूक कोंडी. कामगार कायद्याचा त्यात संबंध नव्हता.

मात्र एक आक्षेप मला पूर्ण मान्य करावा लागतो. ज्या कारखान्यांचा दाखला मी देतो आहे, तिथेच आज कायम कामगार अल्पसंख्य होत चालला आहे. चाकण, तळेगाव, रांजणगावच्या कारखान्यांत असेंब्ली लाइनवर उभी असलेली मोठी संख्या कंत्राटी, ट्रेनी किंवा एखाद्या ‘शिका आणि कमवा’ योजनेखालची असते. काम कमी झाले की ठेकेदाराला फोन जातो आणि दुसऱ्या दिवशी बस निम्मी रिकामी येते. त्यांना काम नसतानाचा अर्धा पगारही मिळत नाही. म्हणजे कारखान्याकडून सॉफ्टवेअरने शिकावे, असे मी म्हणत असताना प्रत्यक्षात कारखानाच सॉफ्टवेअरकडून शिकला आहे: माणूस हाताशी असावा, पण तो रिकामा असण्याचा भार आपल्यावर नसावा. यावरून जुने हक्क निरुपयोगी होते असे सिद्ध होत नाही. ते मूठभरांपुरते राहिले की त्यांना वळसा घालणे सोपे जाते, एवढे सिद्ध होते. तळवड्याच्या आयटी पार्कमधला अभियंता आणि दोन-तीन मैलांवरच्या चिखलीच्या शेडमधला कंत्राटी मुलगा यांचे पगार वेगळे, शिक्षण वेगळे, स्वप्ने वेगळी. पण मागणी घटल्याचा पहिला धक्का कोणाला द्यायचा, या प्रश्नाचे दोघांसाठीचे उत्तर एकच आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे हा प्रश्न आणखी तीव्र होईल. चाळीस जणांचे चाचणीचे काम पंधरा जणांत होऊ लागले, तर ग्राहक तासांचे पैसे देणार नाही, निकालाचे देईल. आणि उरलेले पंचवीस बेंचवर येतील. त्यांना नवे शिकावे लागेल, यात वाद नाही. पण शिकण्याचा वेळ कोणाचा, खर्च कोणाचा, आणि शिकल्यावर जागा मिळेल याची हमी कोण देणार? आज ऑफिसचे नऊ तास संपवून रात्री अकरा वाजता ऑनलाइन प्रमाणपत्राच्या मागे लागलेला माणूस कंपनीची गुंतवणूक स्वतःच्या झोपेतून करतो आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता देशात लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेत उणिवा पुष्कळ आहेत. कपातीसाठी सरकारी परवानगीची मर्यादा शंभरावरून तीनशे कामगारांवर नेली आणि काम नसतानाच्या भरपाईची तरतूद अजूनही कारखाने, खाणी, मळ्यांपुरतीच ठेवली. तरी तिच्यात एक जागा आहे. तीनशे किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना स्थायी आदेश बंधनकारक आहेत आणि त्यातून सेवाक्षेत्र आपोआप सुटत नाही. सूट देण्याचा अधिकार सरकारकडे आहे. कर्नाटकने जुन्या कायद्याखाली आयटी उद्योगाला ती पुनःपुन्हा दिली. महाराष्ट्राने तो कित्ता गिरवू नये. कंपनी केंद्राचे नमुना आदेश जसेच्या तसे स्वीकारू शकते. स्वतःचे आदेश करायचे असतील तर मसुद्यावर कामगारांचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते, आणि संघटना नसेल तिथे कामगारांनी निवडलेल्या प्रतिनिधींचे. युनियन म्हटले की अंग चोरणाऱ्या अभियंत्यालाही या तरतुदीत बसायला खुर्ची आहे. बेंचचा किमान काळ किती, त्या काळात शिकण्याचे तास ऑफिसच्या वेळेत मोजायचे की नाही, कामगिरीची श्रेणी ज्या निकषावर दिली तो लेखी मिळणार का, बंद खोलीत दिलेला राजीनामा किती दिवसांत मागे घेता येईल, कंपनीला आणि कर्मचाऱ्याला नोटीस सारखीच का नसावी, आणि सेवेचा दाखला अडवून धरल्यास दंड काय, एवढी कलमे साध्या मराठीत दोन पानांत मावतात. ती कोणी लिहायला बसले, तर नमुन्यासाठी भोसरीतल्या एखाद्या जुन्या कारखान्याचा वेतनकरार समोर ठेवावा. तो लिहिणाऱ्यांपैकी बरेच जण आता निवृत्त होऊन याच शहरात राहतात आणि त्यांतल्या कितीकांची मुले रोज सकाळी हिंजवडीची बस पकडतात.